विल्हेवाट

आडगावच्या अलीकडे, हायवेला लागून मुलींचं होस्टेल.
गेटाशी माझी केबिन. एक खुर्ची, एक पंखा
आणि जुलैत कॉलेज उघडलं तशी एक नवी वही.
रकाने रेक्टर मॅडमनी स्वतः पट्टीनं आखले :
तारीख, खोली, वस्तू, विल्हेवाट.

बाहेरचं अन्न आत नाही.
सूचना लॅमिनेट केलेली,
म्हणजे कायमची.

पहिल्या आठवड्यात लिहिलं :
विजेची शेगडी, एक.
अंडी सहा, पैकी एक फुटलेलं.
मिसळीचं पार्सल, रस्सा वेगळ्या पिशवीत.
जिनं आणली ती सिन्नरची पोरगी
पाव तेवढे हातात धरून गेटाबाहेर उकिडवी बसली
न् कोरडेच चावत राहिली,
माझ्याकडे बघत.

मी काय करू? नाक माझं, नियम त्यांचा.
पन्नाशीत बॅगा हुंगायला शिकलो.

मेसमध्ये सोमवार ते रविवार दुधी.
अतिशयोक्ती करत नाही,
गुरुवारी दुधीत चणाडाळ असते.
पैसे आधीच कापलेले. जेवा, नाहीतर नका जेवू.

मग सुरगाण्याहून आली हेमलता भोये.
फडक्यात नागलीच्या भाकरी, खुरासणीची चटणी,
कागदात सुकट.
म्हणाली, काका, हे बाहेरचं नाही. घरचं आहे.
मी वहीत बघितलं.
घरचं, असा रकाना नव्हता.

रात्री केबिनभर वास.
साडेनऊला ती परत आली, मागायला नाही :
उद्या विटेल. तुम्ही तरी खा.

खाल्लं.
माझाही डबा रोज याच गेटातून येतो,
त्याला कोणी हुंगत नाही.
वहीत लिहिलं : नष्ट केले.

मंगळवारी दोनशे चाळीस पोरी मेसला गेल्या,
ताटं घेतली, पालथी घातली, बसून राहिल्या.
घोषणा नाही, काही नाही.
स्टीलवर पंख्यांच्या सावल्या फिरत होत्या.
ठेकेदार पळी घेऊन उभा,
पातेल्यात रश्शावर साय धरली.
मॅडम म्हणाल्या, हे कोणी शिकवलं तुम्हाला?
मागच्या बाकावर एक शिंकली.
तेवढंच.

बुधवारी समिती बसली.
समितीला चहा बाहेरून आला, फरसाणही.
मी अडवलं नाही, फक्त नोंद केली :
चहा आठ, फरसाण अर्धा किलो, खोली सभागृह.
विल्हेवाटीचा रकाना कोरा ठेवला,
तो मॅडमनी भरावा.

वही सहीला गेली आहे.
अजून परत आली नाही.
तोवर गेटावर मी आहे,
आणि पोरी बॅगा घेऊन
जरा सावकाश चालतात.