हातचा एक

पत्र फेब्रुवारीत आलं, तपकिरी पाकिटात,
वादळाने दोन दिवस अडकलेल्या बोटीतून.
‘आपलं विवरणपत्र एकतीस जानेवारीपर्यंत मिळालं नाही.
दंड, शंभर पौंड.’
खाली बारीक अक्षरांत पुढच्या पायऱ्या :
तीन महिने उलटले की रोजचे दहा,
सहा महिन्यांनी आणखी.

मी पियानो जुळवतो.
ऑर्कनीच्या बेटांवर माझे चाळीसेक पियानो आहेत,
शाळांत, चर्चमध्ये, दोन दारूच्या गुत्त्यांत.
खारा वारा सगळ्यांचेच सूर उतरवतो,
त्यावर आमचं घर चालतं.

हिशेब थोराकडे. बत्तीस वर्षं.
बिस्किटांच्या डब्यात पावत्या,
आणि जानेवारी लागला की टेबल तिचं,
मी ताटली गुडघ्यावर घेऊन जेवायचो.
बेरीज तोंडी करायची. ओठ हलायचे,
हातचा आला की डाव्या हाताचं बोट टेबलावर टेकायचं
आणि पुढचं घर येईपर्यंत उचलायचं नाही.
एकदा गंमत म्हणून मी ते बोट ओढलं.
हसली नाही.
‘सांडला ना हातचा,’ म्हणाली,
आणि पान पहिल्यापासून.

या जानेवारीत डबा उघडला
तर पावत्या रंगांवर लावलेल्या.
फेरीची तिकिटं निळ्यांत, गॅसचं बिलही निळ्यांत,
डिझेल पिवळ्यांत,
आणि तिच्या डॉक्टरांची चिठ्ठीही पिवळीच, म्हणून तिथेच.
प्रत्येक गठ्ठ्याला रबरबँड, दोन वेढे.
मी काही बोललो नाही.
नाही, बोललो. ओरडलो.
इथे तरी खोटं कशाला लिहू.

मग स्वतः बसलो. तारा, नमदा, तिकिटं, भाडं.
सोळा मार्चला रिटर्न गेलं,
चव्वेचाळीस दिवस उशिरा.

मेरन क्लाउस्टन म्हणाली, अर्ज कर, दंड माफ होतो,
वाजवी सबब असली पाहिजे.
वाजवी म्हणजे? तर मरण, आग, पूर,
दुखणं, ऐन वेळी मान टाकणारा कॉम्प्युटर.
फॉर्मवर मला दोन चौकोन दिसले :
सबब कधी सुरू झाली?
सबब कधी संपली?

पहिल्याच चौकोनापाशी संध्याकाळ गेली.
ऑगस्ट लिहू? वेस्ट्रेच्या धक्क्यावर तिने
एकाच गाडीचं तिकीट दोनदा काढलं तेव्हा?
की त्याआधीचा नाताळ?
जुन्या वह्या काढल्या.
चार वर्षांपूर्वीच्या वहीत, मागच्या पानावर,
एकच बेरीज सहा वेळा केलेली,
पाच उत्तरं पाच तऱ्हांची, खोडून कागद विरलेला.
सहावं बरोबर. त्याखाली दोन रेघा.
त्या वर्षी विवरणपत्र वेळेत गेलं होतं.
मला ती काहीच बोलली नव्हती.

पियानोत प्रत्येक पंचम केसभर उतरता ठेवावा लागतो.
सगळे तंतोतंत लावत गेलं
की शेवटच्या जोडीत लांडगा ओरडतो.
म्हणून ती तूट थोडीथोडी सगळ्यांत वाटायची,
इतकी बारीक, की लग्नात नाचणाऱ्याला कळू नये.
हे मी लोकांना पोटासाठी करून देतो.
ती घरात करत होती, माझ्यासमोर बसून,
आणि कान म्हणे माझा तयार.

दुसऱ्या चौकोनात काय लिहिणार?
संपली असं लिहायचं कुणी, आणि कशावर बोट ठेवून?
मेरनला फोनवर सांगितलं, राहू दे.
ती म्हणाली, शंभर म्हणजे शंभर असतात, इनेस.
मला माहीत आहे. हॉयचे दोन पियानो आणि बोटीचं भाडं.

भरले.
पावती छापून आणली. पांढरी.
पांढऱ्यांचा गठ्ठा नव्हता.
थोरा ती हातात घेऊन बराच वेळ उभी,
एकदा निळ्यांकडे बघे, एकदा पिवळ्यांकडे.
मग ती टेबलावर ठेवली,
डाव्या हाताचं बोट तिच्यावर टेकलं,
आणि उचललं नाही.

मी ताटली गुडघ्यावर घेतली.