कसर

अकरा महिन्यांच्या करारावर मी इथे लागले
तेव्हा देवघेवीच्या टेबलामागे खुर्च्या पाच होत्या,
माणसं दोन.
तिसरीवर स्कॅनरचं खोकं,
चौथीच्या पाठीवर कुणाचा तरी स्वेटर.
एसी बंद पडला त्या वर्षापासून तो कुणी नेलेला नाही.
एर्मेलिंदाबाई म्हणाल्या, बस, हे आता तुझं.
खुर्चीबद्दल बोलत होत्या की स्वेटरबद्दल,
विचारायचं राहिलं.

ताळगावच्या पठारावर वारा खारट.
खिडक्या लावल्या तरी पुस्तकांना तो कळतो.
बांधणीवाला शाबू वेळीप मैद्याच्या खळीत
चिमूटभर मोरचूद घालायचा,
मग म्हणे कसर फिरकत नाही.
चिमूट म्हणजे किती, ते त्याच्या बोटांना ठाऊक.
मार्चमध्ये तो काणकोणला परत गेला,
बोटं घेऊन.
आधी पद रिक्त, मग पद रद्द.
फाइलीत कारण आहे: बांधणीची आवश्यकता उरलेली नाही.

माझं काम सोपं.
पान उघडायचं, उजेड पडू द्यायचा, उलटायचं.
दिवसाला चारशे.
कधी एखादी कसर, रुपेरी, घाईतली,
ओळीवरून ओळ ओलांडताना सापडते उजेडात.
आता ती तिथेच राहणार,
काही न खाता.

खोटं कशाला बोलू,
वाळपईची एक मुलगी रात्री दोनला वाचत असते,
नोंदवहीत तिची वेळ दिसते मला.
बसने इथवर यायला तिला अर्धा दिवस लागला असता.
आणि मोतीबिंदू पिकत आलेल्या एर्मेलिंदाबाई
पडद्यावरचं अक्षर वाढवत, वाढवत,
एका 'ळ'पाशी थांबून म्हणाल्या,
इतका सुंदर असतो हा?
तीस वर्षं मी याला नुसता कपाटात लावत होते.

जुलैत सांग्याहून एक मुलगा आला.
गावाच्या देवस्थानाचा जमाखर्च हवा होता, मोडीतला.
यंत्र म्हणालं, नोंद सापडली नाही.
मी ऱ्हस्व करून पाहिलं, दीर्घ करून पाहिलं.
नोंद सापडली नाही.
बाई कपाळावरचा चष्मा टेबलावर शोधत होत्या.
"थंय ना तें. माळ्यार पळय, पंख्याच्या खोक्यांत."
शहाण्णव साली छप्पर गळलं तेव्हा हलवलेलं,
परत ठेवायचं राहून गेलं.
राहून गेलेलं सगळं बाईंना पाठ आहे.

मुलाला मोडी येत नव्हती. मलाही नाही.
म्हापशाच्या कुणा म्हाताऱ्या कारकुनाकडे
बाई ती शिकल्या होत्या, लग्नाआधी,
आईला सांगायच्या शिवणक्लासला जाते.
बोट ठेवून त्यांनी वाचलं:
भात तीन खंडी. दिव्यास तेल.
मुलगा जमिनीवर बसला तो बसलाच.

वरून आदेश आला,
निवृत्तीपूर्वी श्रीमती मिनेझिस यांची माहिती
प्रणालीत भरून घ्यावी.
शेऱ्याचा रकाना साठ अक्षरांचा.
'माळा, पंख्याचं खोकं, ९६ची गळती' मावलं.
शिवणक्लास मावला नाही.

शेवटच्या आठवड्यात तोच जमाखर्च घेतला स्कॅनला.
शिवण सुटलेली, पानं राहत नव्हती जागेवर,
शाबू असता तर.
बाईंनी पानं धरली, मी उजेड सोडला.

एकतीसला केक झाला, शाल झाली,
बांबोळीच्या थांब्यापर्यंत मी पिशवी पोहोचवली.

परवा तपासताना दिसलं,
पान दोनशे बाराच्या कोपऱ्यात अंगठा आहे.
नख बारीक कापलेलं, शाईचा जुना डाग,
खाली एक शब्द झाकलेला.
नियमाने पान पुन्हा घ्यायला हवं.
मी शेऱ्यात लिहिलं: 'अंगठ्याखालचा शब्द: तेल.'
बराच रकाना उरला.
तो तसाच ठेवून मी पुढचं पान उघडलं.