रुमालाखालचा आकडा

सांगलीच्या मार्केट यार्डात छत्तीस हंगाम
हळदीचे सौदे पुकारले मी.
सेलम, राजापुरी, गड्डा, कणी,
आणि ह्या गळ्यातून एकवार, दोनवार...
रस्त्यापलीकडं चहा ओतणाऱ्याचा हात
तिसऱ्या वाराला थांबायचा.

गाठ सुलोचनाला दिसली.
दाढी करताना मान वर केलेली.
म्हणाली, पाणी गिळा बघू.
गिळलं. कुणीतरी जिना चढून
परत उतरावं तशी गाठ हलली.

मिरजेत सुई घातली.
आम्ही पोत्यात बंबी खुपसतो, तसंच ते;
चार दाणे काढायचे, पोत्याचं सांगायचं.
जो तो म्हणाला, थायरॉईडचा ना?
मग काय, कॅन्सरातली गरीब गाय.
अडत्या तर पेढे आणायला निघाला.
मीही अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालो.

मग ऑपरेशन. अख्खी ग्रंथी काढली,
मानेतल्या सात गाठी वेगळ्या.
शिरगुप्पे डॉक्टरीणबाई, वयानं माझ्या धाकटीएवढ्या,
कागद फिरवून माझ्याकडं केला.
पॅपिलरीच आहे काका, पण त्यातला वेगळा प्रकार.
पेशी उंच आहेत, रुंदीच्या तिप्पट.
क्वचित दिसतो.

उंच म्हणजे?
बाईंनी पेनानं काढून दाखवल्या.
लांबट, एकमेकींना चिकटून उभ्या,
आडसाली उसागत. वारं शिरायला जागा नाही.

मी जन्मभर माल मोडून पाहिलाय.
हळकुंड दोन्ही हातांत धरायचं, कट् वाजलं पाहिजे,
गाभा केशरी निघाला की भाव चढतो.
माझा गाभा बाईंनी मोडून पाहिला
आणि प्रत लावली : दुर्मिळ.
दुर्मिळ मालाला भाव नको,
असं पहिल्यांदाच वाटलं.

विचारलं, किती?

वडिलांच्या काळी सौदे रुमालाखाली व्हायचे.
अडत्याचा हात, व्यापाऱ्याचा हात, वर पांढरा रुमाल,
बोटं दाबून आकडा.
शेजाऱ्याला कळायचं नाही, मालकाला तर नाहीच.
मग उघडा पुकारा आला, माझं पोट त्यावर चाललं.
आता मात्र वाटलं, बाई, रुमाल टाका.
सुलोचना शेजारी बसलीय.

बाईंनी टाकला नाही.
म्हणाल्या, साध्या प्रकारापेक्षा हा हट्टी.
परत येऊ शकतो. आयोडीनला कधीकधी दाद देत नाही.
तुमची साठी उलटलेली, गाठ थोडी बाहेर पसरलेली.
तरी पुष्कळजण जगतात, वर्षानुवर्षं जगतात,
नजर ठेवावी लागते.
आकडा असतो तो शेकडो माणसांचा, काका,
तुमच्या एकट्याचा माझ्याकडं नाही.

सुलोचनानं पिशवीतून वही काढली,
लिहिलं : हट्टी.
म्हणाली, सवय आहे मला.

आयोडीन घेऊन खोलीत एकटा होतो.
ताट दाराबाहेर, बोलणं दाराआडून.
रात्री भिंतीसमोर पुकारून बघितलं, एकवार...
फुटक्या घागरीत खडा.
नस दुखावलीय, येईल बहुतेक, म्हणाले.
ह्या वर्षी बहुतेकवरच जगलो.

पुकारा आता बाहुबली करतो, भाच्याचा पोरगा.
तिसऱ्या वाराला घाई करतो.
मी स्टुलावर बसून
हळकुंड मोडून त्याच्या हातात देतो.

परवा रक्ताचा रिपोर्ट आला.
कुठंतरी काहीतरी उरलंय, थोडंसं.
वाढतंय का बघू, मार्चमध्ये या.
घशातल्या घशात म्हटलं, मार्चमध्ये सौदे असतात.
बाईंनी कॅलेंडरचं पान उलटलं.
मग सौदे उरकून या.

परतताना बसमध्ये गर्दी होती.
पदराखाली मी सुलोचनाची बोटं धरली
आणि एक दाबलं, मग दुसरं.
ती खिडकीबाहेर बघत होती.
बघता बघता तिनं उलट दाबलं,
माझ्यापेक्षा चढं.