तपासनीस

एकतीस वर्षं नोटप्रेसमध्ये माझं काम एकच:
कागदावरची चूक शोधायची.
शाई फुटलेली, आकडा सरकलेला,
धागा केसभर डावीकडे,
की शीट बाजूला. बाजूला म्हणजे चुऱ्यात,
माझ्या सहीनिशी.

रात्रपाळी सुटली की बिटको चौकापर्यंत सायकल
मी सवयीवर चालवायचो,
डोळ्यांवर नव्हे.
रातांधळेपणा आमच्या आजोळचा.
गजामामा दिवेलागणीनंतर अंगणात उतरत नसे.
आम्ही पोरं हसायचो,
गाजरं खा म्हणायचो.

क्षेमकल्याणी डॉक्टरांनी
थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या,
पडद्याचा फोटो समोर आणला:
शेंदरी गोल, आणि कडेकडेने
कोळ्यांनी पाय पसरावेत तसे काळे डाग.
"जनुकात चूक आहे. आईकडून आलेली. एका अक्षराची."
एका अक्षराची?
ती तर मी पकडली असती.
"पण सगळं नुकसान त्या अक्षराचं नाही, कोठुळे."

मग दाहाचं सांगितलं.
डोळा लाल नाही, ठणका नाही, पाणी नाही,
तरी आत धुमसतंय.
पडद्यात राखणदार पेशी असतात,
बारीक बारीक हातांच्या. एरवी झाडलोट करतात.
एखादी दंडपेशी मरायला टेकली की धावत येतात,
उचलतात, चुरा करतात.
मग तिच्या शेजारची, जरा थकलेली.
मग त्या शेजारचीच्या शेजारची,
जिला काहीच झालं नव्हतं.
आणि खाता खाता
आणखी राखणदारांना हाका घालतात.

मला माझं टेबल आठवलं.
एकदा अख्खं बंडल सदोष निघालं माझ्या हातून सुटलेलं,
त्यानंतर पंधरा दिवस
मला प्रत्येक शीट गुन्हेगार दिसायची.
साहेब येऊन म्हणाले,
अरे, चांगल्या नोटा कापतोयस.

औषध?
"प्रयत्न चालू आहेत. पक्कं काही नाही.
दाह शमला तरी अक्षर दुरुस्त होत नाही.
पण उरलेल्या पेशी कदाचित काही वर्षं..."
वाक्य त्यांनी तिथेच ठेवलं.

केतकी बाहेर बाकावर बसलेली.
तिच्यात ते अक्षर आहेच, म्हणाले,
बापाकडून मुलीला चुकत नाही.
ती बघते नीट. तिच्या निमिषचं सांगता येत नाही,
निम्मं निम्मं.
निमिष सहा वर्षांचा.

परतताना रामकुंडावर गेलो. अंधारत आलं होतं.
पायऱ्यांपाशी त्याने माझा हात धरला
की मी त्याचा, आठवत नाही.
"आबा, पायऱ्या आहेत."
किती रे?
"तीन."
मी पायाने मोजल्या.
चार होत्या.

सहा वर्षांचं पोर, मोजताना चुकणारच.
ही शीट
मी बाजूला काढली नाही.