होकायंत्राचं प्लगिन

चिलोए बेटावर पहाटेचे तीन. राएन
एक प्लगिन काढते, दुसरं घालते,
बिल्ड पुन्हा लाल.
कॅमेऱ्याला हवी नवी आवृत्ती,
होकायंत्राला जुनीच;
दोघं एका घरात नांदत नाहीत.
सिम्युलेटर म्हणतो, सगळं ठीक.
सिम्युलेटरला समुद्र नाही.

होकायंत्र लिहिणारा कुणी तोइवो, फिनलंडचा.
शेवटची नोंद सहा वर्षांपूर्वीची:
‘मुलगी झाली. आता जमेल तसं.’
मग काहीच नाही.

ती कॅमेराच उपटून टाकते.
फोटो काय, नंतरही निघतील.

उजाडताना एलिसेओमामा धुक्यात होडी लोटतो,
फोन उलट्या टोपीत ठेवून
उत्तर शोधत.

तोइवोची मुलगी आता शाळेत जात असेल,
एवढंच राएनच्या मनात येतं,
आणि झोप.