मूग आणि खेप

आधी घड्याळ भिंतीवरून उतरवलं.
खिळा उरला, आणि त्याच्याखाली
चुन्याचा एक स्वच्छ गोल.
पाचपावलीची शाळा, दुसरी 'ब', सत्तावीस पोरं,
मार्चातच तापलेले पत्रे.
फळ्यावर लिहिलं: जास्त वेळ. कमी वेळ.

दिक्षांत मेश्रामला म्हटलं, बुटाची नाडी बांध.
जोयाला म्हटलं, ही बाटली रिकामी कर, सांडायचं नाही.
नाडी आधी झाली. वर्ग ओरडला, "बाटलीले जास्त येळ!"
जोया तोंड पुसत उभी राहिली,
"मॅडम, मी त मंगून सुरू केलतं.
यानं तुम्ही सांगाच्या आधीच बूट धरला व्हता."
खरं होतं तिचं.
दोन पेन्सिली मोजताना आपण
टेबलाच्या कडेला टेकवतो त्यांची बुडं.
वेळेलाही कड लागते,
दिसत नाही, म्हणून मी टाळी वाजवते.

टाळी.
बर्फाचा खडा, वाढदिवसाची उरलेली मेणबत्ती,
गजांवर माझा ओला रुमाल.
मेणबत्ती गेली. मग बर्फ.
हर्षल परातेने ओल्या फरशीवर बोट ठेवून
बराच वेळ ते तसंच ठेवलं.
रुमाल वाळेपर्यंत कोणी थांबलं नाही.

मधली सुट्टी मोठी की गणिताचा तास?
सगळे हात गणिताला.
मी पिशवीतून घड्याळ काढून दाखवलं: दोन्ही तीस मिनिटं.
एकाचाही विश्वास बसला नाही,
आणि एकतीस वर्षं शिकवून
मलाही त्यांना फार पटवावंसं वाटलं नाही.

मग गुंजन नेवारे,
जी हजेरीलासुद्धा नुसती मान हलवते:
"माहे पप्पा आज पहाटे गाडी घेऊन गेले. गुवाहाटीले.
ते किती मोठं आहे?"
किलोमीटर विचारले असते तर
नकाशा होता कपाटात.
मी चहाच्या कपात माती भरली, एक मूग दिला.
"पप्पा आज निघाले ना? मूगही आज निघेल.
टाळी तू वाजव."
तिने इतकी हळू वाजवली
की फक्त पहिल्या बाकाला ऐकू आली.

तिसऱ्या दिवशी मूग फुटला.
मग दोन पानं. मग चार, खिडकीकडे मान काढून.
गुंजनने रोज पाणी घातलं, जरा जास्तच.
कोणी विचारलं तर सांगायची,
सिलिगुडीत गाडी उभी हाये, माल उतरून नाही राह्यला.
एका सोमवारी आलो तर मूग आडवा, पिवळा,
कपाच्या कडेवर गळा टाकून.
मी फेकणार होते.
तिने खडू घेतला, टाचा उंचावल्या:
मूग — कमी वेळ.
पप्पा — जास्त वेळ.
अक्षर चांगलं आहे तिचं.
मी बरोबरची खूण केली.
आजवर केलेल्या खुणांत ही जरा वाकडी आली.

दुसऱ्या दिवशी ती डब्याच्या झाकणात
संत्र्याची एक बी घेऊन आली,
चोखून साफ केलेली.
"हे लावते."
"अगं, संत्र्याला पाच-सहा वर्षं लागतात फळ धरायला."
"माहीत हाये. आबाची झाडं हायेत काटोलले."
"मग?"
"मंग पप्पाचा कमी येळ होईन."

मी काही बोलले नाही.
धड्याच्या शेवटी रिकाम्या जागा भरा होत्या,
त्यात ही जागा नव्हती.

दिक्षांतलाच राहवलं नाही:
"पण मॅडम, दोघं एका टाळीत निघालेच नाहीत!
तिचे पप्पा त कवाचेच गेले. ही चीटिंग हाये बावा!"
बाकं वळली. वर्गाला तो बरोबर वाटत होता,
आणि नियम तर माझाच.

गुंजनने त्याच्याकडे बघितलंही नाही.
"चालते," म्हणाली,
आणि मातीत बोट खुपसून पाहिलं,
किती खोल जातं.