तीन बोटं वाळू

सकाळी सहाला, घोड्यांची तोंडं अजून चाऱ्यात असताना
मी ट्रॅक्टरला कुळव जोडतो.
कुळव आपला म्हणायला. पेरायचं काहीच नसतं.
नॉर्डेनच्या पलीकडे, समुद्राच्या बांधाच्या अलीकडे
वीस बाय साठ मीटर वाळू,
आणि वारा, जो तिला चिमटी चिमटीने
हॅम्बुर्गच्या दिशेने पळवतो.

हिल्केबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं:
तीन बोटं. चार झाली की नस ताणली जाते,
दोन झाली की खूर ठणकतो.
आणि दात खालच्या खडीला लागले
तर दुसरी नोकरी बघ.
अकरा वर्षं झाली. खडी अजून झोपलेली आहे.

एवढं मोठं मैदान, पण घोडा कुंपण धरून चालतो,
नव्या शाळेतल्या पोरासारखा.
वाळू बाहेर उडते, फळ्यांशी ढीग लागतो
आणि आत पडते चाकोरी.
पाणी आधी तिथेच साचतं.
ती मोडायचे मला पैसे मिळतात.
आधी फावड्याने कडेची वाळू आत ओढायची,
मग कुळव, मग फळी;
काल उजवीकडून गेलो तर आज डावीकडून,
नाहीतर माझीच चाकोरी पडायची.
कोपरे ट्रॅक्टरला जमत नाहीत.
ते दंताळ्याने, कण्हत.

नोव्हेंबरात टाम्मोचा दुसरा डोळाही गेला.
बावीस वर्षांचा. अर्ध्या गावाची पोरं
त्याच्यावरून पडत पडत शिकली,
मीसुद्धा; हवा बदलली की मनगट अजून सांगतं.
दुपारी हिल्केबाई त्याला एकटा मोकळा सोडत
आणि तो चालायचा, फेरीमागून फेरी, कुठे ठेच नाही.
लोक म्हणत, बघा, मनाच्या डोळ्यांनी चालतो!

मन कसलं.
एका गुरुवारी मी दुपारच्या आतच मैदान केलं
भुईसपाट, परातीतल्या पिठासारखं,
आणि खूश होऊन कुंपणाला रेललो.
तो आत आला. एक पाऊल. दुसरं.
थांबला.
पुढचा पाय तसाच उचललेला,
अंधारात जिना संपला की अजून एक पायरी आहे
हे चाचपावं, तसा.
वळला. पुन्हा थांबला.
दोन्ही कान माझ्याकडे.

पायाखालची वाट म्हणतात ती
मी काढून घेतली होती,
पगार घेऊन.

तेव्हापासून सपाट करून झालं
की जेवणाच्या सुट्टीत, कोणी नसताना,
मी कडेकडेने फिरतो. जड बूट, पाय घासत,
चार फेऱ्या, कधी सहा.
स्वतःच मोडलेलं स्वतःच पाडत.
वेडेपणा आहे. बूटही लवकर झिजतात.

हिल्केबाईंनी खिडकीतून पाहिलं असणार.
काल पगाराचं पाकीट देताना म्हणाल्या,
गोठ्याकडच्या कोपऱ्यात तू फार लवकर वळतोस.
तो तिथे नेहमी
खोल जायचा.